मरणानंतरची ६० वर्षं कुठल्या हिशेबात बसवू?

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, आधी थँक्यू. कॉपीराइट लेखक गेल्यावर ६० वर्षं चालतो, ती मुदत कमी करा असं मी लेखात लिहिलं. तुमचं म्हणणं असं की हे लिहून मी लेखकाच्या पोराबाळांच्या ताटातली भाकरी काढतोय आणि मला पुस्तकं फुकटात पाहिजेत.

फुकटाचं सोडा, माझाच हिशेब सांगतो. कथासंग्रहाची आवृत्ती ११०० प्रतींची, किंमत १८०, रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागं १८ रुपये. सगळ्या खपल्या तर १९,८००, आणि लिहायला चार वर्षं गेलेली. प्रकाशकानं दोन वर्षं थोडंफार दिलं, मग म्हणाले उरलेल्या रकमेची पुस्तकंच घेऊन जावा, नंतर फोन उचलणंच बंद. आता यात माझ्या मरणानंतरची ६० वर्षं कुठं बसवायची सांगा की!

तुम्ही खांडेकरांचं नाव घेतलंय. ते आपल्या कोल्हापूरचेच, १९७६ ला गेले, हक्क २०३६ संपेपर्यंत आहेत, पुस्तकं अजून खपतात, तिथं मुदतीला अर्थ आहे, नाही म्हणत नाही. पण तसे खपणारे किती? आपल्याकडं ५० ची ६० झाली ती १९९२ ला, कारण रवींद्रनाथांचे हक्क १९९१ संपताना मोकळे होणार होते, म्हणजे कुणालाही छापता आलं असतं. वाढवलेल्या १० वर्षांत त्यांनी एखादी ओळ जास्त लिहिली असेल असं वाटत नाही. साने गुरुजींचं लेखन २०११ ला मोकळं झालं, म्हणून 'श्यामची आई' काय दुकानातनं गायब झाली नाही.

बर्न करारामुळं (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) भारताला ५० च्या खाली जाता येत नाही हा तुमचा मुद्दा मात्र एकदम बरोबर, तो मी लेखात लिहायलाच पाहिजे होता.

पण जित्या लेखकाचं खरं अडतंय करारात. आपल्यातले बरेच जण तो वाचतच नाहीत (मी पण नव्हता वाचला, पहिलं पुस्तक येतंय म्हटल्यावर सही कुठं करू एवढंच विचारलं). कायद्याच्या १९ व्या कलमात आहे, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरायची. माझ्या कागदावर मुदतीची जागा कोरी आहे हे एका वकील मित्रानं मिसळ खाता खाता दाखवलं, तोवर नऊ वर्षं झालेली. एक पत्र टाकलं, हक्क परत. मला उपयोगी पडला तो हा ५ चा आकडा.

आणि पोराबाळांचं म्हणाल तर माझी पोरगी गेल्या दिवाळीपासनं एकच विचारतीय, पप्पा, माळ्यावरचे ते गठ्ठे कधी काढणार?