आई असली की चालते

चित्रपटगृहात बोलणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड आहे आणि मध्यंतरी, पुण्यातील एका मल्टिप्लेक्समध्ये, भर चित्रपटात, गप्प बसण्याची समज मलाच देण्यात आली. समज देणाऱ्या बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांचा सूर सौम्य होता, आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावून त्यांना अनुमोदन दिले, आणि तो अपमान मला अजून गिळता आलेला नाही.

चित्रपट होता ‘इंटरस्टेलर’. 2014 चा हा हॉलिवूडचा अंतराळपट 7 फेब्रुवारी 2025 ला भारतात पुन्हा लागला, आठवड्याभरात ‘छावा’ने मोठे पडदे ताब्यात घेतले (पुण्यात राहून याविषयी तक्रार करण्याइतका मी शूर नाही) आणि 14 मार्चला तो परत आला, तेव्हा मी घाईने तिकीट काढले. वेळेवर पोहोचलो, म्हणजे जाहिराती पाहण्याच्या वेळेवर. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने अशाच जाहिरातींत वेळ गेला म्हणून ग्राहक आयोगात दाद मागितली आणि त्याच फेब्रुवारीत निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढे उच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मी मात्र त्या जाहिरातींचा ऋणी आहे, कारण त्या चालू असेपर्यंत माझ्या डावीकडचे काका शांत होते.

काकांच्या पलीकडे काकू होत्या आणि काकूंच्या पर्समध्ये, तपासणीच्या टेबलाला चकवून आणलेला चिवडा होता. तिकिटे न्यू जर्सीच्या मुलाने काढून दिली होती, ही माहिती मला न विचारता मिळाली. पडद्यावर धुळीची वादळे उठली, पिके एकामागून एक नष्ट होऊन शेवटी मकाच तेवढा उरला आहे असे कळले, आणि काकांनी पहिला आक्षेप नोंदवला.

“ज्वारी लावा म्हणावं. ज्वारीला काही होत नाही.”

“अहो, अमेरिका आहे ती,” काकू म्हणाल्या.

“मग? तिथे ज्वारी उगवत नाही?”

तिथे ज्वारी भरपूर उगवते, हे मला माहीत होते. मी बोललो नाही. त्या संयमाची नोंद पुढे कोणीही घेतली नाही.

खरा प्रसंग ओढवला तो त्या पाण्याच्या ग्रहाजवळ. कृष्णविवराच्या निकट असल्यामुळे त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, असे नायकाला सांगण्यात येते. काका खुर्चीत सरळ झाले. “हे काही पटत नाही,” ते म्हणाले, आणि ते जणू चित्रपटाच्या दिग्दर्शकालाच ऐकू जावे इतक्या मोठ्याने म्हणाले. वास्तविक दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने हा आकडा पुढे केला तेव्हा चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांनाही तो प्रथम अशक्य वाटला होता. पण त्यांनी घरी जाऊन गणित मांडले, आणि कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर ते जमते, असे उत्तर आले. थॉर्न यांना पुढे 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळाले. काकांनी गणित मांडले नव्हते, पण त्यांचा निकाल तयार होता. बरे, मराठी माणसाला ही कल्पना नवी असण्याचेही कारण नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवून पहिले बक्षीस मिळवले, त्यालाही आता अर्धशतक उलटले. चित्रपट 169 मिनिटांचा आहे. त्या ग्रहाच्या दराने ही पृथ्वीवरची जवळजवळ 20 वर्षे होतात, आणि काकांच्या शेजारी बसल्यावर तो दर मला अजिबात फुगवलेला वाटला नाही.

मग तो प्रसंग आला. नायक यानात परततो तोवर पृथ्वीवर 23 वर्षे उलटलेली असतात आणि तो मुलांचे साठलेले निरोप पाहायला बसतो. मी या चित्रपटाचा अंधभक्त नाही. प्रेम ही काळ आणि अवकाश ओलांडणारी एक शक्ती आहे वगैरे संवाद, आणि शेवटी पुस्तकांच्या कपाटामागे चाललेला तो अवघा खटाटोप, मला आजही ओढूनताणून आणलेला वाटतो. परंतु या एका प्रसंगासाठी मी पुन्हा पैसे मोजले होते. विज्ञानपटाचे विज्ञान कशासाठी असते, तर एखाद्या बापाला मुलांचे बालपण कोणत्याही खलनायकाशिवाय हुकावे यासाठी; नाहीतर यान, ग्रह आणि हेल्मेटे पाहायला मी एवढ्या महागात कशाला जाऊ?

नेमका तेव्हा काकांचा फोन गणपतीच्या आरतीच्या सुरात वाजला. व्हिडिओ कॉल होता, न्यू जर्सीचा.

“हो, पोचलो रे. खुर्च्या छान आहेत, पाय लांब करता येतात. चालू आहे ना, चालूच आहे. काही विशेष नाही, एक बाप मुलाचे व्हिडिओ बघत बसलाय, केव्हाचं तेच चाललंय. थांब, आईला दाखवतो.” फोन काकूंकडे गेला. काकूंनी मुलाला जेवलास का विचारले. मग मुलाने बहुधा चित्रपट कसा आहे ते विचारले असावे, कारण काकांनी फोन उलटा करून पडद्यासमोर धरला, आणि पडद्यावरचा बाप आपल्या मुलाकडे पाहून रडत असताना न्यू जर्सीचा मुलगा त्या बापाकडे फुकटात पाहू लागला. फोनचा सगळा उजेड माझ्या डोळ्यांत होता.

“काका, कृपा करून फोन बंद करता का?” मी म्हणालो.

“अहो, तुम्ही तरी शांत बसा,” मागून आवाज आला. “ते निदान घरच्यांशी बोलत आहेत.”

मध्यंतरात (मूळ चित्रपटात मध्यंतर नाही, ते आपल्याकडे पॉपकॉर्नसाठी पाडले जाते) काकांनी मला चिवडा देऊ केला. मी चिवडा घेतला आणि विचारले, की ‘अमर अकबर अँथनी’त तिघा मुलांचे रक्त एकाच वेळी नळ्यांतून वर चढते आणि मग आईच्या अंगात उतरते, गुरुत्वाकर्षणाचे काहीएक न ऐकता, ते तुम्हांला 1977 पासून पटत आले आहे ना?

“ते वेगळं,” काका म्हणाले. “तिथे आई आहे. आई असली की चालतं.”

“आणि बाप असला तर?”

“बापाचं गणित बरोबर पाहिजे.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्या सामाजिक चित्रपटांतील नायिका पावसात भिजल्याबरोबर न्युमोनियाने अंथरुणाला खिळते, आणि योगायोगाने जो डॉक्टर येतो तो तिचाच हरवलेला भाऊ निघतो, यावर आपण पिढ्यान्पिढ्या रुमाल भिजवले. मात्र पडद्यावर रॉकेट दिसले की प्रत्येक जण परीक्षक होतो. ‘ग्रॅव्हिटी’त हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत इतक्या सहज जाता येत नाही, त्यांच्या कक्षांची उंचीच वेगळी आहे, अशी नाके आपण मुरडतो. मीही मुरडली आहेत. परंतु घरी येऊन मुरडली आहेत.

चित्रपट संपल्यावर लिफ्टमध्ये पुन्हा तेच दोघे. आता मला राहवले नाही. मी काकांना सांगितले, की तुमच्या फोनमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांवरची घड्याळे सापेक्षतेमुळे रोज 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्त केली नाहीत तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटरने चुकेल.

काकांनी फोन खिशातून काढून त्याच्याकडे संशयाने पाहिले. “ऐकलंस?” ते काकूंना म्हणाले. “उगाच नाही काल त्याने आपल्याला एकेरी रस्त्यात घातलं. मी चुकलोच नव्हतो.”