गुंड्याचं ताट, माझी वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

"ज्याला परवडत नाही त्याने कुत्रा पाळूच नये." गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता राग यायचाही थांबलाय. अहो, आणला तेव्हा परवडत होता. नंतर माझा पगार अर्ध्यावर आला. कुत्रा अर्धा करता येत नाही.

गुंड्या सहा वर्षांचा, मिश्र जातीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. वजन असायला हवं १५ किलो. पगार चांगला होता तेव्हा त्याच्यासाठी यायची ती पिशवी होती चकचकीत, वर लांडग्याचं चित्र, "धान्यविरहित" असं ठळक अक्षरांत. ती बंद करावी लागली तेव्हा मला अक्षरशः गुन्हा केल्यासारखं वाटलं. म्हणून ठरवलं, आता घरी शिजवायचं. ताजं कोंबडीचं मांस, भात, थोडं गाजर. कुकरची शिट्टी झाली की गुंड्या गॅसपाशी येऊन बसायचा आणि मला वाटायचं, बघा, गरिबीतही लेकराला ताजं घालतेय.

पाच महिन्यांनी त्याचे केस राठ झाले, वजन १७ किलोवर गेलं. दवाखान्यात मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "डॉक्टर, घरचं ताजं शिजवून घालते हो मी."

डॉक्टर गुंड्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "छान. याला कॅल्शियम कुठून मिळतं?"

मी गप्प. भात, कोंबडी, गाजर. खरंच, कुठून?

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, दुपटीपर्यंत चालतं. ते कमी पडलं की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. वाढत्या पिल्लात तर हाडं वाकतात, मोडतात. अंड्याचं एक कवच साधारण ५ ग्रॅमचं असतं आणि त्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम. म्हणजे गुंड्याएवढ्या कुत्र्याला रोज अर्ध्या कवचाची बारीक पूड पुरली असती, आणि मी ती कवचं पाच महिने कचऱ्यात टाकत होते! पण नुसत्या कॅल्शियमनेही भागत नाही. जस्त, तांबं, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व, यादी लांब आहे. कुत्र्याला क जीवनसत्त्व शरीरातच बनवता येतं, पण उन्हात बसून पुरेसं ड मिळवता येत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी घरी शिजवायच्या २०० पाककृती तपासल्या, २०१३ साली ते छापून आलं. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि पाककृती लिहिणाऱ्यांत खुद्द पशुवैद्यही होते. मग माझं काय घेऊन बसलात.

वर, वहीत हिशेब काढला तर घरचं जेवण त्या लांडग्याच्या पिशवीपेक्षा फारसं स्वस्तही पडत नव्हतं. गॅस आणि माझे दोन तास धरलेच नव्हते.

तर माझं स्पष्ट मत. हातात पैसा कमी असेल तर साध्या, मधल्या किमतीच्या, संपूर्ण आहार म्हणून बनवलेल्या कोरड्या दाण्यांना पर्याय नाही. त्यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. घरचं शिजवणं वाईट नाही, पण ते नीट करायचं तर पशु-आहारतज्ज्ञाकडून पाककृती आखून घ्यावी लागते आणि त्यात सांगितलेली पूरक पूड रोज घालावी लागते. ते स्वस्तात होत नाही. अर्धवट केलेलं घरचं जेवण हा सगळ्यात महागडा पर्याय, फक्त त्याचं बिल उशिरा येतं.

पिशवी घेताना मी आता पुढची बाजू बघतच नाही. मागे बारीक अक्षरांत एक वाक्य शोधते: हा आहार "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आहे का, आणि कोणत्या वयासाठी. त्याऐवजी "सप्लिमेंटल" किंवा "कॉम्प्लिमेंटरी" असं काही असेल तर ते रोजचं जेवण नव्हे, तोंडी लावणं आहे. बाजारातले बरेच महागडे डबे याच वर्गातले निघतात, बघा कधी. घटकांच्या यादीत पहिलं नाव "ताजी कोंबडी" आहे म्हणून भुलू नका. यादी वजनाच्या क्रमाने असते आणि ताज्या मांसाचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. "बाय-प्रॉडक्ट्स" वाचून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचारते, काळीज, गुर्दा, प्लीहा हे तुमच्या कुत्र्यासमोर ठेवलं तर तो काय करेल? धान्याचंही तेच. कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं, पण माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढताना पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्यात वाढल्या. हे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलंय. उलट धान्यविरहित, वाटाणे-मसूर भरलेल्या आहारांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. दोष ठामपणे सिद्ध झालेला नाही, पण जास्त पैसे मोजून ती शंका विकत का घ्यायची?

आता गणित. किमतीची तुलना किलोवर करू नका, कॅलरीवर करा.

आधी कुत्र्याला किती लागतं ते काढू. मोबाइलवर जमतं. वजनाला वजनाने दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा, ७० ने गुणा. गुंड्याचे १५ किलो: ३३७५, मग ५८, मग ७.६, म्हणजे साधारण ५३३ कॅलरी. ही नुसती पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणायचं, आले ८५३, म्हणजे साधारण ८५०. हा सुरुवातीचा आकडा, ब्रह्मवाक्य नाही. माझ्यासारखा आळशी मालक असेल तर आणखी कमी.

समजा एका पिशवीत किलोमागे ३२०० कॅलरी आहेत आणि दुसरीत ३८००. पहिलीतलं रोज २६७ ग्रॅम घालावं लागेल, दुसरीतलं २२५. दहा किलोची पहिली पिशवी ३७ दिवस जाईल, दुसरी ४४ दिवस. म्हणजे पहिली निदान १६ टक्के स्वस्त नसेल तर ती स्वस्त नाहीच! कॅलरीचा आकडा छापलेला नसेल तर कंपनीला विचारायचा. सांगत नसतील तर पुढची पिशवी बघायची. ओल्या डब्यांत पाऊण हिस्सा पाणी असतं, त्यांचं गणित करून बघाच. मी केलं आणि डबा परत फळीवर ठेवला.

पण खरी बचत पिशवीत नव्हती, माझ्या वाटीत होती. "दोन वाट्या" हे गुंड्याचं माप. एक दिवस सहज त्या दोन वाट्या काट्यावर ठेवल्या: ३१० ग्रॅम. हवे होते २२५. रोजचे ८५ ग्रॅम जास्त, महिन्याला अडीच किलो. मी पैसे घालून त्याला जाड करत होते. आणि वर कुरकुरत होते की खाणं परवडत नाही!

यावर एक जुना प्रयोग आहे. ४८ लॅब्रॅडॉर, जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आयुष्यभर. २००२ मध्ये निकाल छापला: कमी खाणारे मध्यमानाने १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. गंमत म्हणजे प्रयोग कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या पुरिनाचाच. कमी विका, असं सांगणारा.

म्हणून पोटाला चिमटा घ्या असं मी म्हणत नाही. हाताने तपासा. तळहात पालथा करून बोटांमागच्या भागावरून दुसरं बोट फिरवा, कुत्र्याच्या फासळ्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ आवळल्यावर वरची हाडं लागतात तशा लागल्या तर तो हडकलाय. तळहाताच्या मांसल भागासारखं लागलं तर माझा गुंड्या, वाटीच्या काळातला.

ताजं काही घालावंसं वाटतंच. त्यासाठी दिवसाच्या कॅलरीतला दहावा हिस्सा मोकळा ठेवायचा, तेवढ्याने संतुलन बिघडत नाही. गुंड्याचा दहावा हिस्सा ८५ कॅलरी, एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ७०. झालं. अंड्याच्या दिवशी दाणे वीस ग्रॅम कमी. काळीज (म्हणजे यकृत) स्वस्त आणि गुणी, पण आठवड्यातून एखाद-दोन लहान तुकडेच, कारण अ जीवनसत्त्व साठून विषारी होतं. आपल्या ताटातलं उरलंसुरलं मात्र नको. कांदा-लसूण शिजवूनही त्याच्या तांबड्या पेशी फोडतात, द्राक्षं-मनुके मूत्रपिंडावर जातात, शिजलेलं हाड मोडून आतड्यात टोचतं. तळणीचं तेलकट खाऊन स्वादुपिंड सुजलं तर दवाखान्याच्या एका रात्रीत वर्षभराची बचत जाते.

मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते खरी, पण उघडल्यावर सहा आठवड्यांत संपत असेल तरच घ्या, नाहीतर तेल खवट होतं. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकटच डब्यात ठेवा. डब्याच्या भिंतीला चिकटलेलं जुनं तेल नव्या दाण्यांनाही नासवतं. आणि खाणं बदलायचं तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत. मी एका दिवसात बदललं होतं. त्या रात्री किती वेळा फरशी पुसली ते विचारू नका.

पिल्लू, गाभण कुत्री किंवा मूत्रपिंडाचा, साखरेचा आजार असलेला कुत्रा घरात असेल तर माझं गणित बाजूला ठेवा आणि डॉक्टरांनाच विचारा. जंताचं औषधही टाळू नका, नाहीतर तुम्ही दाणे जंतांना घालताय.

गुंड्या आता साडेपंधरा किलोवर आलाय. कुणाला हिशेब करून हवा असेल तर खाली कुत्र्याचं वजन लिहा आणि पिशवीचा फोटो टाका, रात्री बसून काढून देते. फोटो मागच्या बाजूचा. लांडगा नको.