निसर्ग जत्रा कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. निसर्ग जत्रेवरच्या, म्हणजे लोकांना निसर्गाची ओळख करून देणाऱ्या एका दिवसाच्या मेळाव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की एका दिवसाच्या गर्दीने कुठलाच अधिवास सुधारत नाही. लोक येतात, फोटो काढतात, फुकटचं रोप घेऊन घरी जातात आणि विसरतात. तेवढ्याच माणसांनी हजार झाडं लावली असती तर निदान सावली तरी झाली असती, असंही तुमचं म्हणणं. प्रतिक्रियेतली तळमळ जाणवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झाडांचं, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. झाडं लावली म्हणजे अधिवास पूर्ववत झाला असं होत नाही. गवताळ माळावर दाट झाडी उभी केली, की उघड्यावर घरटं करणारे चंडोलासारखे पक्षी तिथून हटतात आणि उन्हात वाढणारी गवतं सावलीत मरतात. माळ ओसाड वाटतो, कारण त्याचा मोठा पसारा जमिनीखाली असतो. उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ माळांवरच्या काही गवतांची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. जत्रेत असं एखादं मूळ माती धुऊन अखंड टांगावं आणि शेजारी बागेतल्या हिरवळीचं वीतभर मूळ ठेवावं. माणसाच्या डोक्यावरून सुरू होऊन पार जमिनीला टेकलेला तो तंतूंचा झुपका एकदा पाहिला, की ‘ही जागा नुसती पडून आहे’ असं म्हणणं जड जातं. हे काम हजार रोपांनी होत नाही.

आणि लोकांना हे कळणं ही वरवरची गोष्ट नाही. शिकागोच्या परिसरात १९७७ पासून स्वयंसेवक बाहेरून आलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप तोडत होते, स्थानिक गवतांचं बी गोळा करून पेरत होते, नियंत्रित आगी लावून प्रेअरी आणि ओकची विरळ वनं पुन्हा उभी करत होते. कामामागे शास्त्र होतं, कष्ट होते. पण शेजारच्या रहिवाशांना दिसत होती ती तोडलेली झाडं आणि धूर. १९९६ मध्ये विरोध एवढा वाढला, की कुक काउंटीने, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, आपल्या राखीव वनांमधलं हे काम थांबवलं. जवळजवळ दोन दशकांची मेहनत अडली ती शेजाऱ्यांपर्यंत न पोचल्यामुळे, असं माझं मत आहे. जत्रा हवी ती यासाठी.

दुसरं कारण म्हणजे माणसं. बाहेरून येऊन पसरलेली घाणेरी काढण्याचं काम तुम्ही कधी केलं असेल तर माहीत असेल, नुसती छाटली तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते. मुळासकट काढावी लागते. तरीही पक्षी तिची पिकलेली काळी फळं खाऊन जिथे बसतात तिथे नवी रोपं उगवतात. पहिल्या वर्षी उत्साह असतो, जागा मोकळी झालेली दिसते. खरा कस लागतो तो पुढच्या वर्षांत, जेव्हा बोटभर रोपं वाकून एकेक उपटायची असतात. तेव्हा बाहेरून आणलेली फौज उपयोगी पडत नाही, जवळ राहणारी, पुन्हा पुन्हा येऊ शकणारी माणसं लागतात. ती कुठे भेटणार? अशा जत्रेतच.

‘एका दिवसाने काय होतं’ याला एक जुनं उत्तर आहे. उत्तर अमेरिकेत नाताळला पक्ष्यांची शिकार करण्याची चढाओढ चाले. १९०० साली पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, मारण्याऐवजी पक्षी मोजू या. त्या नाताळला २७ जण बाहेर पडले. ती मोजणी आजही दरवर्षी होते आणि पक्ष्यांची संख्या दीर्घकाळात कशी बदलली हे पाहताना अभ्यासक तिच्या नोंदी वापरतात.

रोपवाटपाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूचा आहे. मिळेल ते शोभेचं रोप हातात देणं बंदच व्हावं. द्यायचंच तर सुरवंटांचं खाद्य असलेलं स्थानिक रोप द्यावं. मोनार्क फुलपाखराचे सुरवंट फक्त मिल्कवीड नावाच्या वनस्पतींवर वाढतात, तशी अनेक फुलपाखरांची ठरलेली झाडं असतात. आणि देतानाच सांगावं, की पानं कुरतडलेली दिसली तर आनंद माना, फवारणी करू नका.

जत्रेतल्या कचऱ्यावर तुम्ही बोट ठेवलंत, त्याबद्दल वाद नाही. जत्रेत एकदाच वापरायचं प्लॅस्टिक नकोच.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘शंभरातले परत किती येतात?’ थोडेच येतात. पण ते थोडेही आपोआप येत नाहीत. पुढच्या श्रमदानाची तारीख, जागा आणि काम लिहिलेला फलक दारातच हवा, नाव नोंदवायला वही हवी, आणि आठवड्याच्या आत फोन जायला हवा. जत्रेला किती गर्दी झाली हे आयोजकांनी सांगू नये. त्यातले किती जण सहा महिन्यांनी कामावर होते, तेवढं सांगावं. ज्या जत्रेकडे हा आकडाच नाही, तिच्याबाबत तुमची टीका मला पूर्ण मान्य आहे.