बँक गेली, धरण राहिलं

एका लेखात म्हटलंय की जागतिक बँकेने हात काढला की गरीब देशातला प्रकल्प आपोआप बंद पडतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं काय मग? १९८५ मध्ये बँकेने ४५ कोटी डॉलर कबूल केले, तेही पुनर्वसनाचा नीट आराखडा हातात नसताना. पुढे नर्मदा बचाव आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला स्वतःच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायला मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात समितीने बँकेचेच कान उपटले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नाकारलं. (नाकारलं कसलं, बँकेच्या अटी पाळणं जमेना म्हणून आधीच अंग काढून घेतलं!)

काम काही थांबलं नाही. पैसा गुजरातने उभा केला, आणि पाणी चढलं महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेली गावावर. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं. उलट बँक होती तोवर तक्रार घेऊन वॉशिंग्टनला, बँकेच्या मुख्यालयात तरी जाता येत होतं. ती गेल्यावर दाद मागायला उरलं ते कोर्ट आणि आपलंच सरकार. बँकेला शिव्या घाला, माझी ना नाही, पण आपल्या सचिवालयांना इतकं सहज सोडू नका.