नाथसागरावर सात दिवस (नियोजन चालू आहे)

मराठवाड्यातल्या माणसाने शिडाच्या होडीत आठवडा काढायचं म्हटलं, की लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. जायकवाडी धरणात, म्हणजेच नाथसागरात, आज किती टक्के पाणी आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. पण त्या पाण्यावर हौसेने जायचं असतं, हे कुणाला पटत नाही.

हौस माझ्या मेव्हण्याची. नोकरीनिमित्त गोव्यात राहिला, तिथे शीड हाकायला शिकला आणि बदली होऊन संभाजीनगरला आला तो १४ फुटी होडी ट्रॉलीवर घालूनच. त्याच्या फ्लॅटला पार्किंग नाही, म्हणून ती आमच्या अंगणात. आई तिच्यात कुरडया वाळवते.

"दाजी, साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पैठणला पडलंय आणि आपण समुद्र बघायला रात्रभर बसमध्ये आंबून जातो," तो म्हणाला. मी वही उघडली.

पहिला प्रश्न, कधी? पावसाळ्यात धरण भरत आलं की त्याच्या २७ दरवाजांपैकी कोणते कधी उचलतील याचा नेम नाही, आणि त्या बाजूला शीड लावून फिरण्याएवढा जिवाचा कंटाळा मला आलेला नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं. होडी आणि पाणी यांच्यामध्ये नुसता चिखल. राहिला हिवाळा. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे आला अर्ज.

ज्या टेबलावर आम्ही गेलो तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. 'प्रयोजन' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मेव्हण्याने 'मुक्काम' लिहिलं होतं.

"ते कळलं हो. पण कशासाठी?"

याचं उत्तर मेव्हण्याला अजून सुचलेलं नाही. शेवटी ठरलं, दिवसा परवानगी असेल तेवढ्याच भागात शीड आणि रात्री काठावर ओळखीच्यांच्या शेतात तंबू. काठ बघायला गेलो. मोबाइलच्या नकाशात निळं होतं तिथे हरभरा डुलत होता. पाणी हटलं की गाळावर पेरतात, गाळपेर. खरा काठ बराच पुढे सापडला, तिथे एक जण थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळं उकलत होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कामून येवढा कुटाणा, साहेब? वारं पडलं तर काय करता?"

"वल्हवतो," मेव्हणा म्हणाला.

"मग आधीपासूनच वल्हवा की."

घरी मेव्हण्याने जेवणाच्या टेबलावर वाऱ्याचं शास्त्र मांडलं. पोळीचा तुकडा ही होडी, पंखा हा वारा. थेट वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही. साधारण ४५ अंशांत तिरकी घ्यायची, मग वळवून दुसऱ्या अंगाला तिरकी, अशी नागमोडी. पाच किलोमीटरला सात होतात. "हे भाजी आणायला तसेच जातात," बायको म्हणाली आणि तिने होडी ताकात बुडवली.

मग वजन. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर दोघांचे सात दिवसांचे ५६ लिटर. म्हणजे ५६ किलो. वीस लिटरचे तीन जार. जड सामान तळाशी आणि मध्यावर हवं, नाहीतर होडी कलंडते. मेव्हण्याने आळीपाळीने जारकडे आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात आईचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि 'असू दे' म्हणून किलोभर येसर. एवढ्या मोठ्या धरणावर जायचं आणि पाणी विकत घेऊन जायचं, हे आईला अजून समजावता आलेलं नाही.

इथवर सगळं जमत आलं होतं. पण आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तेही याच नाथसागराचं. वार ठरलेला, वेळ नाही. रात्री तोटी उघडी ठेवून झोपायचं, आधी ती फुसफुसते, मग खोकते, मग गढूळ धार येते. ती जाऊ द्यायची आणि स्वच्छ आली की एका हाताने मोटार, दुसऱ्याने पाइप. हौद, गच्चीवरची टाकी, पिंप, घागरी, तांब्यासुद्धा. पाइप मोटारीवरून निसटतो, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून धरावी लागते आणि ती आवळणं फक्त मला जमतं. घरातली माझी खरी किंमत तीच. सात दिवस कुठूनही मोजा, नळाचा वार त्यात येणारच.

"अहो, तुम्ही पाण्यावर आणि मी पाण्यापायी, हे जमायचं नाही," बायकोने निकाल दिला.

मेव्हण्याने सहलीचे सहा दिवस करून पाहिले. तर एकदा नळच दोन दिवस उशिरा आला. तेव्हा मी सरळ लाइनमनला गाठलं आणि पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीला पाणी नेमकं कधी सोडणार, असं विचारलं.

"का बरं? कुठं चाललाव?"

"जायकवाडीला. आठवडाभर."

"मग मला काय विचारता," तो चावी खांद्यावर टाकत म्हणाला, "येताना तिकडूनच भरून आणा की!"