ग्रामसभेची वही घरोघरी फिरते तेव्हा

आज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ग्रामपंचायतीचे शिपाई हजेरीवही काखेत घेऊन आमच्या ओट्याशी आले आणि म्हणाले, "ताई, तुमची सही सकाळी झालीच आहे, साहेबांची आणि सासूबाईंची तेवढी करून द्या. अजून साठ-सत्तर घरं फिरायची आहेत." माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. त्या सकाळच्या ग्रामसभेला हजर होत्या, असे त्या वहीत लिहिले जाणार होते.

सकाळी झेंडावंदनानंतर झालेल्या त्या ग्रामसभेला मी स्वतः होते. मोजून सतरा माणसे होती, त्यांतले सहा पंचायतीचे सदस्य आणि दोन कर्मचारी. बारा मिनिटांत सहा विषय वाचले गेले, प्रत्येक विषयानंतर 'सर्वानुमते मंजूर' असे म्हटले गेले आणि चहा आला. आमच्या गावात दोन हजारांहून अधिक मतदार आहेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात, म्हणजे आमच्याकडे शंभर. सकाळी जी माणसे आली नाहीत, ती संध्याकाळी वहीत यावीत म्हणून शिपाई दारोदार फिरत होते. मी सह्या करून दिल्या नाहीत. याआधी दोन वेळा करून दिल्या होत्या, हेही इथे लिहायलाच हवे, कारण ते मनाला लागून राहिले आहे.

गावाचे नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि ज्यांना ओळखता येणार नाही, त्यांनी आपापल्या गावाची वही आठवून पाहावी.

वहीपेक्षाही एक गोष्ट मला दिवसभर छळते आहे. मळ्यातल्या वस्तीवरून एक आजी आल्या होत्या. वस्तीपासून गावापर्यंतची पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची होते, त्या चिखलातून त्या तीन किलोमीटर चालत आल्या होत्या. पुढच्या खुर्च्या पदाधिकाऱ्यांच्या, मागच्या खुर्च्यांवर पताकांचे सामान ठेवलेले. आजी दाराशी उभ्या राहिल्या. विषय संपत आल्यावर त्यांनी विचारले, "आमच्या पाणंदीचं काय झालं?" उत्तर मिळाले, "ते विषयपत्रिकेत नाही, अर्ज द्या." उत्तर सरपंचबाईंनी दिले नाही, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी दिले. पंचायतींत महिलांसाठी पन्नास टक्के आरक्षण राज्यात २०११ पासून आहे. आमच्या सरपंचबाई शिकलेल्या आहेत, चांगले बोलतात, हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेले आहे. सभेत मात्र त्यांचा आवाज ऐकू येत नाही. काल महिलांची स्वतंत्र ग्रामसभा होती, तिथेही हेच गृहस्थ बोलले. महिलांच्या सभेत एक पुरुष उठून बोलतो आणि त्याला बसवणारे कोणी नसते, याचा मला इतका संताप आला आहे की कालपासून हे लिहायचे टाळत होते. आज टाळता आले नाही.

मी बारावीत होते, तेव्हाची गोष्ट सांगते. साल १९९७. घटनेची ७३ वी दुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली होती, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले होते, परंतु आमच्या गावात त्याचा अर्थ काय ते कोणाला ठाऊक नव्हते. आप्पा त्या वेळी सरपंच होते. (गाव त्यांना आजही आप्पाच म्हणते.) तोवर सभा देवळाच्या सभामंडपात होत असे आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसे पायऱ्यांखाली उभी राहून ऐकत. त्यांना कोणी अडवत नव्हते, अडवण्याची गरजच पडत नव्हती. आप्पांनी एके दिवशी सभा उचलून ओढ्याच्या काठावर, गाव आणि वस्ती यांच्या बरोबर मधोमध असलेल्या चिंचेखाली नेली. खुर्च्या नाहीत, टेबल नाही, सगळ्यांना मिळून एकच लांब सतरंजी. ग्रामसेवकसुद्धा मांडी घालून बसले होते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्या सभेला आले आणि उभेच राहिले. "देऊळ सोडून ओढ्यावर कसली सभा?" असे ते मोठ्याने म्हणाले. मी पाण्याची कळशी घेऊन चिंचेच्या बुंध्याशी उभी होते आणि मला लाजेने मान वर करवेना. आप्पा उठले, दादांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, गावातला वडीलधारा माणूस उभा असताना मी बसू कसा?" मग ते तसेच उभे राहून सभा चालवू लागले. अर्धा तास गेला असेल. दादा काही न बोलता सतरंजीच्या कडेला टेकले, त्यानंतर आप्पा बसले.

स्थानिक नेतृत्व म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारला की मला तो अर्धा तास आठवतो. आप्पांना दादांचा पाणउतारा करता आला असता, कायदा त्यांच्या बाजूने होता आणि दादांना गप्प करून टाळ्या घेणेही अवघड नव्हते. त्यांनी माणूस गमावला नाही आणि सभेची जागाही सोडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वस्तीतली एक बाई सभेत बोलली आणि आमच्या आळीत मंजूर झालेला हातपंप ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गेला. आमच्या घरात त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही.

हल्ली सरपंचाचे मोजमाप काँक्रिटच्या रस्त्यात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये होते. कमान उभारली की विकास झाला आणि कमानीवर कोणाचे नाव यावे यासाठी भाऊबंदकी पेटते. गटार, दिवाबत्ती, नळ हे सगळे हवेच, त्यासाठी तर पंचायत असते. परंतु ज्या गावात माणसे एका ठिकाणी बसून एकमेकांचे ऐकत नाहीत, त्या गावात नळसुद्धा भांडण घेऊनच येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सरपंचाचे पहिले काम सभा भरवणे हे आहे, बाकीची कामे त्या सभेतून निघायला हवीत.

आणि सभा भरते ती नोटीस फलकावर कागद चिकटवून भरत नाही. आप्पा सभेच्या आदल्या संध्याकाळी घरातून निघत आणि सगळ्यांत लांबच्या वस्तीपासून सुरुवात करत. दवंडी गावात होत असे, वस्त्यांवर ते स्वतः जात. त्यांचे म्हणणे असे की, गावठाणातला माणूस सभा हुकला तर दुसऱ्या दिवशी पारावर बसून सगळे ऐकतो. वस्तीवरच्या माणसाला मात्र कोणी काही सांगत नाही, म्हणून आमंत्रण आधी त्याला द्यायचे. आज व्हॉट्सअॅप गटावर सभेची नोटीस आली होती, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या चाळीस फलकांच्या मधोमध. आजींकडे साधा फोनही नाही. त्यांना सभा आहे हे कसे कळले, कोण जाणे.

कोणी म्हणेल, लोकच येत नाहीत, त्याला सरपंचाने काय करावे? हे अगदीच खोटे नाही. पिकाची कामे असतात, मजुरी बुडते, तरुण पुण्यामुंबईला असतात. परंतु हीच माणसे काकड आरतीला पहाटे पाचला येतात आणि यात्रेच्या बैठकीला वर्गणी घेऊन येतात. जिथे आपल्या बोलण्याने काही हलते असे माणसाला वाटते, तिथे तो येतो. बारा मिनिटांच्या सभेला कोण कशासाठी येईल?

मेंढा (लेखा) या गडचिरोली जिल्ह्यातल्या गोंड गावाबद्दल मी प्रथम वाचले, तेव्हा मला आमची चिंच आठवली. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक माणूस जरी 'नाही' म्हणाला तरी विषय थांबतो, पुन्हा बोलणे होते, त्याचे म्हणणे समजून घेतले जाते. देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांनी तिथे सभेच्या जोडीला अभ्यास गट चालवला, कायदा काय म्हणतो ते लोकांनी एकत्र बसून शिकून घेतले, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या लहानशा गावाने मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आता सगळीकडे भिंतीवर रंगवली जाते. आमच्या पंचायतीच्या भिंतीवरही ती आहे. सर्वानुमते मंजूर हे शब्द मेंढा (लेखा) गावातही आहेत आणि आमच्या वहीतही आहेत, आणि त्या दोहोंमधला फरक आज सकाळी मी बारा मिनिटे पाहत बसले होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण तर इतक्यांदा दिले जाते की ऐकणारा जांभई देतो, म्हणून फार लिहीत नाही. त्या गावाचे नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती पाणलोटाच्या कामासाठी, असे आपण म्हणतो. बांध-बंधारे अनेक गावांत झाले आणि अनेक गावांत ते गाळाने भरले. हिवरे बाजारने पावसाचे पाणी मोजले, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला आणि शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम स्वतःवर घालून घेतला. स्वतःच्या रानात बोअर न पाडण्याचा निर्णय माणूस केव्हा पाळतो? शेजारीही तो पाळणार याची खात्री असते तेव्हा. ही खात्री निर्माण करणे हेच नेत्याचे काम आहे, आणि ती खात्री निधीतून विकत मिळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडची ग्रामसभा आठवा. मे २०२२ मध्ये त्या सभेने ठराव केला की गावात कोणा विधवेचे कुंकू पुसले जाणार नाही, बांगड्या फोडल्या जाणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एका गावाच्या सभेने उच्चारलेली गोष्ट मंत्रालयाने उचलली, हे मी वर्गात मुलींना सांगते तेव्हा त्यांचे डोळे मोठे होतात. परिपत्रकाने सगळ्या गावांत लगेच प्रथा थांबल्या असे मी म्हणणार नाही, आमच्याही गावात थांबलेल्या नाहीत. तरी जिथे ठराव झाला तिथे एखाद्या सुनेला 'नको' म्हणताना गावाचा आधार असतो, हे लहान नाही.

आणि दुसऱ्या टोकाला काय आहे? २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण तिथे पदांची बोली लागल्याचे समोर आले होते. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पैसे हवेत म्हणून पद विकायचे आणि त्याला 'बिनविरोध, एकोप्याने' असे म्हणायचे. एकोपा हा शब्द इतका स्वस्त केलेला मला सहन होत नाही. ज्याने बोली लावून पद घेतले, तो चिखलातून आलेल्या आजींना खुर्ची का देईल?

हे लिहिताना मला जाणवते की मी सरपंचांवर फार तुटून पडते आहे. त्यांच्या बाजूचेही खरे आहे. मानधन तुटपुंजे, निधी ठरावीक कामांनाच बांधलेला, कागदपत्रे ढीगभर, वर तालुक्याच्या पुढाऱ्याची मर्जी सांभाळायची. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. नियमच असे बदलत राहिले तर माणसाने घडी बसवायची केव्हा? शिपाईमामांचा तर यात काहीच दोष नाही. सह्यांचा आकडा भरला नाही तर बोलणी त्यांनाच बसतील. मी नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, मलाही हे आवडत नाही." मी त्यांच्यावर मघाशी आवाज चढवला होता, त्याचे वाईट वाटले.

परंतु सतरंजी अंथरायला निधी लागत नाही. आप्पा आणखी एक गोष्ट करत, तिलाही पैसे लागत नव्हते. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला ते मागच्या सभेचे इतिवृत्त स्वतः वाचत आणि प्रत्येक ठरावापुढे थांबून सांगत: हे झाले, हे झाले नाही, आणि झाले नाही ते या कारणाने. कारण कधी त्यांच्याच चुकीचे असे, तेही सांगत. दादा घरी येऊन आईला म्हणाले होते, "माणूस खोटं बोलत नाही." त्यानंतर दादांनी एकही सभा चुकवली नाही. ओढ्याकाठची ती चिंच रस्ता रुंद करताना गेली, आणि सभाही पुन्हा भिंतींच्या आत गेली.

शिपाईमामा गेल्यावर मी आप्पांकडे जाऊन आले. आता ते पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येते, पण सगळे समजते. मी सभेचे सांगू लागले तसे त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "मळ्यातल्या वस्तीवरनं कोण आलं होतं?"

मी सांगितले, आजी आल्या होत्या.

"तिला बसवलं कुठं?"

मी म्हणाले, त्या उभ्या होत्या. मीही खुर्ची सोडून उठले नव्हते, हे मात्र मला आप्पांना सांगता आले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढची सभा केव्हा आहे ते विचारले. दोन ऑक्टोबरला, असे मी सांगितल्यावर नातवाला हाक मारून म्हणाले, "आदल्या दिवशी मला गाडीवर घेऊन मळ्यात जायचं, पाणंदीच्या तोंडापर्यंत. तिथनं पुढं ही जाईल."

पाणंद तोवर वाळली नसेल तरी मी जाणार आहे. गावातले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी एक तारखेला दुपारी तीन वाजता शाळेच्या फाटकाशी यावे. माळ्यावर दादांच्या वेळची एक मोठी सतरंजी आहे, ती उद्या उन्हात घालते.