पुरणपोळी, पाच रुपयांचा पुडा आणि मनोनिग्रह

नमस्कार,

वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लठ्ठपणाला ज्याचं त्याचं तोंड जबाबदार, कंपन्या आणि सरकारवर खापर फोडून मी लोकांना सबब पुरवतो, आणि तुमचे आजोबा पुरणपोळीवर तुपाची धार घेऊनही शेवटपर्यंत सडसडीत होते.

आजोबांपासूनच सुरुवात करतो. पुरणपोळी होळीला व्हायची, फार तर आणखी दोनचार सणांना. डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, पोळ्या लाटायच्या, त्यात बायकांची अख्खी सकाळ जायची. गोडाला लगाम होता तो या कष्टांचा. आज क्रीमची बिस्किटं पाच रुपयांत कोपऱ्यावर मिळतात, रोज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली जादा वजनाचे किंवा लठ्ठ पुरुष 18.9 टक्के होते, 2019-21 मध्ये 22.9 टक्के. एवढ्याशा काळात देशभरातल्या पुरुषांचा मनोनिग्रह ढासळला, हे मला पटत नाही.

शिवाय सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं होतं: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटातच ज्याच्या शरीराची अशी घडण झाली, त्याला पुढे खादाड तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

एक मात्र तुमचं खरं. जेवताना हातात मोबाईल, शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस म्हणून चॉकलेट, हे घरात घडतं आणि ते आपणच थांबवायला हवं. मीही थांबवलं, फार उशिरा.

पण मूल घराबाहेर पडतंच. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. माझ्या मुलीच्या शाळेसमोर वीस पावलांवर वेफर्सच्या पुड्यांच्या माळा लटकतात. करही साखर बघून लागत नाही. गॅसच्या थंड पेयांवर 40 टक्के जीएसटी, साखर असो वा नसो. बिस्किटं आणि फरसाण सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांत. ब्रिटनने 2018 मध्ये पेयांतल्या साखरेच्या प्रमाणावर कर लावला, तेव्हा कंपन्यांनी साखरच कमी केली. चिलीत 2016 पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांच्या पाकिटांवर समोरच काळा अष्टकोनी शिक्का असतो, मागची बारीक अक्षरं शोधावी लागत नाहीत. हे आपल्याकडेही करता येईल, आणि त्यासाठी कुणाच्या निग्रहाची परीक्षा घ्यावी लागणार नाही.

तुमच्या घरात बिस्किटाचा पुडा येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नातवाला शाळेतून आणायला जाल तेव्हा फाटकापासून एकदा पावलं मोजा, आणि काय दिसलं ते इथे लिहा. पुढच्या पालकसभेत मी हा विषय काढणार आहे.